हौदा नंतर बघा, आधी खाली वाका: कोकणातल्या डिलिव्हरी लाइनसाठी जुन्या छोट्या गाड्यांची पारख

पावाची लाइन, दुधाची लाइन, कुरिअर, किराणा दुकानांचा माल, पाण्याचे जार. यांपैकी कशासाठीही जुनी चारचाकी घ्यायची म्हटली की लोक आधी किलोमीटर विचारतात, मग इंजिन चालू करून ॲक्सिलरेटर दाबतात आणि शेवटी हौद्याचा पत्रा ठोकून बघतात. देशावर हा क्रम चालून जातो. अलिबागपासून शिरोड्यापर्यंतच्या पट्ट्यात तो उलटा हवा. इथे गाडी खालून मरते. इंजिन खोललं तर किती खर्च येईल हे तालुक्याचा कोणताही मिस्त्री अंदाजाने सांगेल. गंजून पोकळ झालेल्या चॅसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, मात्र ठरलेला खर्च नसतो. आज पट्टी मारली की पुढच्या पावसाळ्यात तिच्या शेजारी भोक पडतं आणि पासिंगला, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीला, गाडी अडते ती अडतेच.

म्हणून इथे प्रत्येक गाडीला तीन प्रश्न लावले आहेत. खालून किती टिकते? जवळच्या बाजारपेठेत तिचे पार्ट आणि हात बसलेला मेकॅनिक मिळतो का? आणि भरलेल्या वजनाने घाटी चढते का? दिसणं, सीट, म्युझिक सिस्टिम यांना इथे गुण नाहीत.

टाटा एस, म्हणजे छोटा हत्ती

२००५ साली बाजारात आलेली ही गाडी आजही जुन्या बाजारात सगळ्यात जास्त दिसते. दोन सिलिंडरचं ७०२ सीसी डिझेल इंजिन, ताकद १६ अश्वशक्ती, माल वाहायची कागदावरची क्षमता साधारण ७५० किलो. टर्बो नाही, कॉमन रेल (संगणकावर चालणारी डिझेल फवारणी) नाही. पंप आणि नोझल यांत्रिक असल्यामुळे देवरुख, राजापूर, कुडाळसारख्या ठिकाणी पंपाचं काम करणारा माणूस गाडी खोलतो, जोडतो आणि संध्याकाळपर्यंत परत देतो. लॅपटॉप लावायची गरज पडत नाही. रोजच्या लाइनला याची किंमत फार मोठी आहे, कारण गाडी दोन दिवस उभी राहिली की दुकानदार दुसऱ्याचा पाव ठेवायला लागतो.

पुढचा ॲक्सल सलग आणि पुढेमागे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), त्यामुळे खड्ड्यांनी ती सहसा मोडत नाही, माणसाची कंबर मोडते. झिजतात ते किंगपिन, म्हणजे पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या खुंट्या. पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली हलवून बघा. हाताला ठोका लागला तर किंगपिन आणि बुश किटचे पैसे भावातून वजा करा. ग्रीस वेळेवर न मारलेल्या गाडीत हे काम ठरलेलंच.

कमजोरी चढावर दिसते. १६ अश्वशक्तीला दीड टनाच्या आसपासचं एकूण वजन ओढायचं असतं. घाटीत दुसऱ्या गिअरचा हट्ट धरला की इंजिन तापतं. वारंवार तापलं की हेड गॅस्केट जातं. ते गेलं आहे का हे ओळखायचं तर थंड गाडीच्या रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील किंवा तेलाच्या डिपस्टिकवर दुधाळ थर असेल तर ती गाडी सोडा. आणखी एक ठिकाण पाहायचं ते थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनच्या पाण्याचं तापमान सांभाळणारी झडप. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकलेल्या कित्येक गाड्या फिरतात. त्याने मूळ दुखणं बरं होत नाही, फक्त लपतं. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी विहिरीचं तांबूस पाणी दिसलं तर आतून गंज धरला आहे असं समजून रेडिएटर आणि वॉटर पंप दोन्ही खर्चात धरा.

दोन सिलिंडरमुळे थरथर भरपूर. इंजिन माउंटिंग, सायलेन्सरचा ब्रॅकेट आणि रेडिएटरचे स्टँड तडकतात. चालू गाडीत सीटखालून ठणठण ऐकू आली तर बहुतेक वेळा हेच असतं. काम किरकोळ आहे, पण भाव पाडायला उपयोगी.

नंतरच्या एस गोल्ड पेट्रोलमध्ये ६९४ सीसीचं इंजिन आहे. ती शांत चालते, सर्व्हिस सोपी. पण भरल्या गाडीने रोज घाट असेल तर तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. सपाट किनाऱ्यावरच्या, छोट्या थांब्यांच्या लाइनला ती बरी.

मत: ४०० ते ६०० किलो माल, दिवसाला ६० किलोमीटरच्या वर फिरणं, वाटेत मोजके चढ असतील तर २०१४ ते २०१९ दरम्यानची, खालून कोरडी राहिलेली डिझेल एस ही किनाऱ्यावरची सगळ्यात सुरक्षित खरेदी आहे. देखणी मुळीच नाही.

मारुती सुपर कॅरी

२०१६ पासूनची गाडी. इथे एक भेद पक्का लक्षात ठेवा. डिझेल सुपर कॅरीत ७९३ सीसीचं दोन सिलिंडर टर्बो इंजिन होतं, ते २०२० च्या बीएस-६ प्रदूषण नियमांबरोबर बंद झालं. हेच इंजिन सेलेरियो डिझेलमध्ये थोडा काळ होतं, बाकी कुठे नाही. त्यामुळे पार्ट बाजारात सहज मिळत नाहीत आणि गावचा मेकॅनिक हात लावायला कचरतो. ॲव्हरेज उत्तम देते म्हणून स्वस्तात मिळते तेव्हा मोह होतो. कंपनीचं वर्कशॉप दारात नसेल तर मोह आवरावा.

पेट्रोलचं तसं नाही. २०२३ च्या आधीच्या गाड्यांतलं चार सिलिंडरचं ११९६ सीसी इंजिन मारुती ईकोच्या घराण्यातलं, पार्ट सगळीकडे. सुमारे ६५ पीएस ताकद, म्हणजे एसच्या कितीतरी पट. भरलेली गाडी आरे-वारेच्या किंवा परशुरामच्या चढावर दम न लागता जाते. स्टिअरिंग हलकं. दिवसाला चाळीस थांबे घेणाऱ्या माणसाच्या खांद्यांना हा फरक दुसऱ्याच दिवशी कळतो.

पुढे मात्र पाटे नाहीत, कारसारखे स्ट्रट आहेत. त्यामुळे लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि स्ट्रटची वरची माउंटिंग तपासायची. खराब रस्त्यावर पुढून कटकट आवाज येतो तो याचाच. टायर आतल्या बाजूने जास्त झिजले असतील तर अलाइनमेंटच्या आधी बुश बदलायला लागतील. २०१८ साली इंधन पंप आणि इंधन फिल्टरसाठी कंपनीने काही सुपर कॅरी परत बोलावल्या होत्या. त्या वर्षीची गाडी असेल तर चॅसिस नंबर देऊन कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ते काम झाल्याची खात्री करून घ्या.

सीएनजी मॉडेल घेताना गणित वेगळं. महामार्गालगत पंप झाले आहेत, आत किनाऱ्याकडे ते विरळ आहेत. या गाडीत पेट्रोलची टाकी राखीव म्हणून फक्त ५ लिटरची. गॅस संपला तर पेट्रोलवर लांब जाता येत नाही. क्षमताही पेट्रोलपेक्षा कमी, ६२५ किलो. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी करावी लागते. तिची तारीख प्लेटवर असते, आणि ती उलटून गेली असेल तर पंपवाला गॅस भरायला नकार देऊ शकतो. सिलिंडरच्या पट्ट्यांखाली गंज धरला आहे का हे टॉर्च मारून बघाच. खारी हवा नेमकी तिथे दडून बसते.

खर्चाचं गणित एकदाच मांडू

दिवसाला ८० किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे २०८० किलोमीटर. भरलेली डिझेल एस १७ चा ॲव्हरेज देते असं धरलं तर महिन्याला १२२ लिटर. पेट्रोल सुपर कॅरी १५ ची धरली तर १३९ लिटर. डिझेल ९० आणि पेट्रोल १०५ रुपये धरा: एकीकडे अकरा हजारांच्या आत, दुसरीकडे साडेचौदा हजारांच्या थोडं वर. फरक महिन्याला ३६०० रुपयांचा. लाइन दिवसाला ४० किलोमीटरची असेल तर तोच फरक १८०० वर येतो, आणि पेट्रोल गाडीच्या कमी देखभालीत तो बराचसा भरून निघतो. म्हणून आमची रेघ दिवसाला ५० किलोमीटरवर आहे. त्याखाली पेट्रोल, त्यावर डिझेल. रोजचा घाट असेल तर रेघ ६०–६५ पर्यंत सरकवावी, कारण चढावर एसला दर फेरीत पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतात आणि पाव दुकान उघडायच्या आत पोचवायचा असतो.

ईको कार्गो आणि ओम्नी

पावसाचा विचार केला तर बंद गाडीसारखं सुख नाही. कोकणातल्या पावसात उघड्या हौद्यावर ताडपत्री दर थांब्याला सोडायची-बांधायची म्हणजे पाव भिजतो आणि वेळ जातो. सरकत्या दाराची ईको कार्गो त्या बाबतीत सगळ्यांच्या पुढे. बेकरी, औषधं, कुरिअर, म्हणजे हलका पण भिजला तर वाया जाणारा माल असेल तर पहिली पसंती हीच. ४००–५०० किलोच्या वर मात्र नेहमी लादू नये.

पण हिला एस किंवा पिकअपसारखी वेगळी चॅसिस नाही. सगळी बॉडीच सांगाडा आहे. त्यामुळे पत्र्याचा गंज इथे दिसण्यापुरता राहत नाही, गाडीचा कणा खातो. मागच्या चाकांच्या कमानी आतून, सरकत्या दाराची खालची पट्टी, पुढच्या सीटखालचा पत्रा आणि जॅक लावायच्या जागा. मॅट उचलून पाय दाबा. पत्रा दबला तर निघा. दाराच्या तळाला पाणी जायची छोटी भोकं असतात, ती मातीने बुजली की दार आतून सडतं. तिथे बोट फिरवलं की कळतं.

ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं. पार्ट अजून मिळतात आणि ७९६ सीसीचं इंजिन कोणालाही दुरुस्त करता येतं. पण किनाऱ्यावर दहा-बारा वर्षं काढलेली आणि खालून धड असलेली ओम्नी शोधण्यात जेवढा वेळ जाईल तेवढ्यात दुसरी गाडी कामाला लागेल.

आणि एक सांगायलाच हवं. पांढऱ्या पाटीची पॅसेंजर ईको स्वस्तात घेऊन मागच्या सीटा काढून माल वाहणारे पुष्कळ आहेत. खासगी नोंदणीच्या गाडीतून धंदा केला आणि अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारायला मोकळी असते. पिवळी पाटी, आरसीवर मालवाहू वर्ग, हे नसेल तर भावात किती सूट मिळते हे ऐकूच नका.

बाकीच्या थोडक्यात

महिंद्रा जीतो: एक सिलिंडर, ६२५ सीसी डिझेल. डिझेल फार कमी पिते. दापोली किंवा मालवणसारख्या गावात, छोट्या फेरीत, ५०० किलोच्या आत ठीक. भरून घाट चढवायला नको. थरथरीमुळे बोल्ट ढिले होतात, म्हणून घेतल्यावर एकदा खालून सगळे आवळून घ्यायचे.

बोलेरो पिकअप आणि मॅक्सी ट्रक: २५२३ सीसी, दणकट, पाटे जाड. आंबा आणि मासळीच्या धंद्याने ही गाडी इथे रुजवली. नेमकं म्हणूनच किनाऱ्यावरची जुनी पिकअप सगळ्यात जास्त संशयाने बघावी. शिवाय ॲव्हरेज १२-१३ च्या आसपास. रोज ९०० किलोच्या वर माल असेल तरच तिचा खर्च परवडतो. अर्धा हौदा रिकामा घेऊन पिकअप फिरवणारा माणूस डिझेल पंपवाल्यासाठी काम करत असतो.

अशोक लेलँड दोस्त: तीन सिलिंडर, दीड लिटरच्या आसपासचं डिझेल इंजिन, सव्वा टन क्षमता. गाडी चांगली. तालुक्यात तिचा जाणकार मेकॅनिक आहे का हे आधी विचारा, उत्तरावर निर्णय घ्या.

तीनचाकी मालवाहू आपे: शहरातल्या शहरात, सपाटीवर, सगळ्यात स्वस्त. सड्यावरचा आडवा वारा, उतारावरची ओली लाल माती आणि पुढे एकच चाक. गावोगावच्या लाइनला नको.

गाडी कुठून आली हे किलोमीटरपेक्षा महत्त्वाचं

मासळीची गाडी. मिरकरवाडा, हर्णै, मालवण, देवगड, वेंगुर्ले अशा बंदरांवर लागलेल्या गाड्यांत बर्फ वितळून खारट पाणी हौद्याच्या फटींतून थेंब-थेंब मागच्या ॲक्सलवर, पाट्यांवर आणि ब्रेकच्या लोखंडी नळीवर पडत राहतं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून गाडी उभी असतानाही गंज चालूच राहतो. विकताना हौदा बदलतात, रंग मारतात, वास जातो. खुणा राहतात: हौद्याच्या तळाला पाणी सोडायला पाडलेलं भोक, रिव्हेटांभोवती पांढरी बुरशीसारखी पूड, पाट्यांच्या पानांमध्ये गंज फुगून पडलेली फट. असली गाडी पाव-दुधाच्या लाइनला अर्ध्या किमतीतही घेऊ नये.

चिऱ्याची गाडी. जांभ्याचा एक चिरा आकाराप्रमाणे २५ ते ३५ किलोचा. ७५० किलोच्या गाडीत पन्नास चिरे घातले की दीड टन झाला. अशा गाडीत एखादा पाटा जादा घातलेला असतो. मागचे पाटे सरळ झालेले, यू-बोल्ट नवे, डिफरन्स (मागच्या ॲक्सलमधला गिअरचा गोळा) ओरडणारा. एअर फिल्टर काढून झटकला की लाल धूळ पडते. फिल्टरच्या पलीकडच्या पाइपात आतून बोट फिरवा. तिथेही लाल आलं तर धूळ इंजिनात गेली आहे आणि पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत.

फेरीबोटीच्या वाटेवरची गाडी. दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ, वेसवी–बागमांडले, आगरदांडा–दिघी. जेटीच्या उतारावर भरतीच्या वेळी चाकं खाऱ्या पाण्यातून जातात. रोज जाणाऱ्या गाडीच्या मागच्या ब्रेक ड्रममध्ये व्हील सिलिंडर जाम झालेले सापडतात. हँडब्रेक सोडल्यावर गाडी हाताने ढकलून बघा. जड गेली तर ड्रम उघडून घ्या.

घाटावरची गाडी. एमएच-०९ कोल्हापूर, १० सांगली, ११ सातारा, ५० कऱ्हाड. खालून कोरडी, स्वच्छ, आणि म्हणून आमची पहिली पसंती. तिचे दोष वेगळे: वीट, वाळू, भाजी यांचा ओव्हरलोड, क्लच आणि पाटे थकलेले. पण हे सगळं बदलता येतं. अणुस्कुरा किंवा गगनबावडा उतरून एक दिवस घालवला तर तो खर्च चॅसिसमध्ये वसूल होतो.

पुण्या-मुंबईची कुरिअरची गाडी. सर्व्हिसचा कागद व्यवस्थित, क्लच संपलेला, चारही कोपरे ठोकलेले. वाईट नाही. तिचं क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलायचं असं धरून भाव करा.

गोव्याची गाडी स्वस्त दिसते. तिकडच्या आरटीओचं ना-हरकत, इथला कर, नवा नंबर आणि खेटे हे सगळं जमेला धरलं की स्वस्ताई फारशी उरत नाही.

तपासणी, या क्रमाने

सकाळी, थंड इंजिनावर. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नका. बॉनेट किंवा सीटखालचं झाकण हाताला गरम लागलं तर परत जा आणि दुसऱ्या दिवशी या. सोबत न्यायचं: छोटी हातोडी, जाड पेचकस, टॉर्च, एक गोणपाट.

गोणपाट टाकून खाली सरपटा. चॅसिसच्या दोन्ही पट्ट्यांवर पुढून मागे, वीतभर अंतराने हातोडीचा हलका टोला. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, सडलेल्याचा बद्द. जास्त वेळ द्यायचा तो मागच्या पाट्यांच्या हँगरपाशी, आडव्या पट्ट्यांच्या जोडांवर, बॅटरीच्या ट्रेखाली आणि हौदा व चॅसिस यांच्यामध्ये घातलेल्या लाकडी फळीच्या काठाला. ते लाकूड पावसाळाभर ओलं राहतं आणि चॅसिसचा वरचा पृष्ठभाग खातं. खालून बघणाऱ्याला तो दिसत नाही. पेचकस फळीच्या फटीत घालून वरून खरवडा. पापुद्रे नुसते सुटत असतील तर चालेल, पेचकस आत रुतला तर व्यवहार संपला.

खालून ताजा काळाभोर रंग दिसला की एजंट म्हणतो, "दादा, मेंटेन केलेली गाडी आहे, एक रुपयाचं काम नाय." रंगाखाली गंजाचे फुगे आहेत का ते नखाने दाबून बघा. लपवायचं नसेल तर विकायच्या आदल्या आठवड्यात कोणी चॅसिस रंगवत नाही.

ठोकलेला चॅसिस नंबर आरसीशी जुळवा. गंजाने आकडे पुसट झाले असतील तर पासिंगला आणि नाव बदलताना त्रास होतो.

मागे जाणारी ब्रेकची लोखंडी नळी सगळी बोटाने चाचपा. खवले लागले तर ती बदलायची, यात तडजोड नाही. वायरिंगचे कनेक्टर उघडून पाहा. तांब्यावर हिरवा थर असेल तर पावसात लाइट, वायपर, स्टार्टर आलटून पालटून बंद पडतील. अर्थची पट्टी इंजिनपासून चॅसिसपर्यंत धड आहे ना, हे लोक विसरतात. निम्म्या "स्टार्टर गेला" तक्रारी तिथेच मिटतात.

मग इंजिन. थंड असताना पहिल्या दोन-तीन सेल्फमध्ये चालू व्हायला हवं. पाच मिनिटांनी तेलाचं झाकण काढा. धुराचे झोत येत असतील तर रिंगा गेल्या. ॲक्सिलरेटर दिल्यावर निळा धूर म्हणजे तेल जळतंय. भाराखाली काळा धूर म्हणजे नोझल, पंप किंवा तुंबलेला फिल्टर, हे स्वस्तात सुटणारं.

ट्रायल रिकाम्या गाडीची घेऊ नका. सिमेंटच्या आठ गोणी म्हणजे ४०० किलो, दुकानदाराला सांगून तासाभरासाठी भाड्याने भरता येतात. जवळचा घाट निवडा: चिपळूणकडे कुंभार्ली, कणकवलीकडे फोंडा, सावंतवाडीकडे आंबोली. तीन किलोमीटर सलग चढा. तापमानाचा काटा मध्यावर स्थिर राहायला हवा. चढावरच थांबून पुन्हा उचला. क्लच सोडताना गाडी थरथरली किंवा इंजिनचा आवाज वाढूनही गाडी सरकली नाही तर क्लच संपला. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये पाय काढून सोडा. गिअर आपोआप बाहेर आला तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. वेग कमी-जास्त करताना खालून ठक् आवाज आला तर प्रोपेलरचा (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, सतत गुणगुण असेल तर डिफरन्स. क्रॉस किरकोळ, डिफरन्स महाग.

टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही असो, सहा वर्षांपुढचा टायर नवा घ्यायचा म्हणूनच मोजा.

कागद

आरसी, फिटनेस, विमा, पीयूसी, कर, बाकी दंड. हे सगळं गाडीचा नंबर टाकून वाहन पोर्टलवर आधी बघा, विकणाऱ्याच्या झेरॉक्सवर विसंबू नका. मालवाहू गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. म्हणजे आठ वर्षं उलटलेली गाडी घेतली की दरवर्षी एक दिवस आणि पासिंगची तयारी आलीच. पर्यावरण करही तेव्हापासून लागतो. एकूण वजन ३००० किलोच्या आत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. सुपर कॅरी आणि एस त्यात सहज बसतात, पिकअपचं आरसीवर वाचा. चालकाकडे साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं, लायसन्स असेल तरी चालतं. ७५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं आहे.

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) आणि बँकेचं ना-हरकत हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. "कर्ज फिटलंय, कागद येतोय" यावर दहा टक्क्यांच्या वर टोकन नको. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ चं ना-हरकत आधी.

कधी घ्यावी आणि घेतल्यावर काय

फेब्रुवारी ते एप्रिल आंब्याच्या हंगामासाठी गाड्यांना उठाव असतो, तेव्हा विकणारा तोऱ्यात. हंगाम आटोपल्यावर, जूनमध्ये, भाव नरमतात. शिवाय पावसात बघितलेली गाडी खोटं बोलत नाही: काचेच्या रबरातून गळणारं पाणी, सुटणारे ब्रेक, बंद पडणारा वायपर सगळं समोर येतं.

गाडीच्या किमतीच्या १५ ते २० टक्के रक्कम बाजूला ठेवूनच व्यवहार करा. ती पहिल्या महिन्यात लागतेच. इंजिन तेल, गिअर आणि डिफरन्सचं तेल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, फॅन बेल्ट आणि तिचा एक सुटा जोड सीटखाली. मग गाडी गोड्या पाण्याने खालून धुऊन दोन दिवस उन्हात. वायर ब्रशने घासून झिंक प्रायमर, त्यावर चॅसिस ब्लॅक. पट्ट्यांच्या पोकळीत भोकांतून पातळ तेल किंवा वॅक्स फवारून घ्या, बाहेरचा रंग आत पोचत नाही. जळकं ऑइल मारायची पद्धत इथे जुनी आहे आणि ती काम करते, मात्र रबरी बुश, ब्रेकचे होज आणि ड्रम यांवर पडू देऊ नका. तेलाने रबर फुगतं, लायनर घसरतात. पावसाळ्यात ग्रीसिंग दर पंधरा दिवसांनी.

विमा नाव बदलल्यापासून १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, त्यामुळे हप्ता थोडा वाढून येईल, तोही त्या १५–२० टक्क्यांत धरा.